ब्याऐंशी, त्र्याऐंशी

आयर्लंडमधल्या कॉर्कला येऊन मला जेमतेम महिना झाला होता. औषधांच्या कारखान्यातली रात्रपाळी संपत आली होती आणि कॅन्टीनच्या टेबलावर कुणीतरी टाकून गेलेल्या पेपरात मोठ्या अक्षरांत छापलं होतं : 'कॉर्क ३-२८, लिमरिक ३-२५'. मी बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत बसलो. वाटलं, दोन डावांचा खेळ असावा. पहिल्या डावात दोघांचेही तीनच, आणि दुसऱ्या डावात दोघेही एकदम पेटलेले. अमरावतीत वाढलेल्या माणसाच्या डोक्यात आधी क्रिकेटच येणार.

समोरच्या सहकाऱ्याने चहाचा कप खाली ठेवला. हा हर्लिंग, दांडू-चेंडूचा खेळ, म्हणाला. इंग्रजी एच अक्षरासारखे खांब असतात. आडव्या दांडीखालून जाळ्यात चेंडू गेला तर गोल, दांडीवरून गेला तर पॉइंट. एक गोल म्हणजे तीन पॉइंट. आधीचा आकडा गोलांचा, नंतरचा पॉइंटांचा. म्हणजे ३७ विरुद्ध ३४, आपण जिंकलो. सत्यनारायण सांगताना आमचे गुरुजी इतके गंभीर कधी झाले नव्हते. 'आपण जिंकलो' हे भाषांतर माझं. तो म्हणाला होता, 'वी वन.'

या 'वी'वर मी तेव्हापासून अडकलोय. मराठीत त्याची दोन घरं आहेत. 'आम्ही जिंकलो' म्हटलं की समोरचा उंबऱ्याबाहेर राहतो, 'आपण जिंकलो' म्हटलं की तो आत येतो. इंग्रजीला ही सोय नाही. परक्या देशात दिवसभरात पन्नासदा 'वी' ऐकायचा आणि प्रत्येक वेळी मनात भाषांतर करताना ठरवायचं की आपल्याला आत घेतलंय की नाही. बहुतेक वेळा मी 'आम्ही' धरतो. त्यात अपमान होत नाही, आणि चूकही सहसा होत नाही.

ही गोष्ट मे २०२४ मधली. मला सांगायचंय ते त्याच्या पुढच्या वर्षाचं, २०२५ च्या मोसमाचं.

आमचं भाड्याचं घर ब्लॅकपूलमध्ये आहे. शहराच्या उत्तरेकडची ही जुनी कामगारांची वस्ती. शेजारी एक आजोबा एकटे राहतात. पोरगेले असताना ते फोर्डच्या कारखान्यात होते. हेन्री फोर्डचे वडील याच काउंटीतून अमेरिकेला गेलेले, त्यामुळे पोराने मोठेपणी इथे नदीकाठी, मरीनावर, कारखाना काढला होता. तो १९८४ मध्ये बंद पडला. त्याच्या आदल्या वर्षी डनलॉपचा टायरचा कारखाना गेला होता, चौऱ्याऐंशी संपता संपता जहाजांची गोदीही गेली. आजोबा हे सांगतात तेव्हा आवाज चढत नाही. फक्त शेवटी एक वाक्य जोडतात : 'पण त्या सप्टेंबरात थर्लसला गेलो होतो.' याचा अर्थ मला फार नंतर कळला. गेलिक, म्हणजे हर्लिंगसारख्या आयरिश खेळांची संघटना १८८४ मध्ये थर्लस गावातल्या एका हॉटेलात स्थापन झाली. शंभर वर्षं पुरी झाली म्हणून त्या वर्षीचा ऑल-आयर्लंडचा, म्हणजे अख्ख्या देशाच्या हर्लिंग स्पर्धेचा, अंतिम सामना डब्लिनऐवजी थर्लसला ठेवला होता, आणि तो कॉर्कने जिंकला. जुलैत नोकरी गेली, सप्टेंबरात कप आला. आजोबांच्या हिशेबात त्या वर्षाची वजाबाकी कुठे येऊन थांबते, हे मी अजून विचारलेलं नाही.

ब्लॅकपूलमध्ये राहायचं म्हणजे ग्लेन रोव्हर्स या हर्लिंग क्लबच्या राज्यात राहायचं. क्रिस्टी रिंग या क्लबचा. त्याच्याकडे ऑल-आयर्लंडची आठ पदकं होती. जॅक लिंचही याच क्लबचा. १९४१ ते ४६ सलग सहा वर्षं त्याने ऑल-आयर्लंड पदक मिळवलं, पाच हर्लिंगचं आणि मधलं एक गेलिक फुटबॉलचं, आणि पुढे देशाचा पंतप्रधान झाला. नदीवरच्या एका पुलाला रिंगचं नाव आहे, नदीखालच्या बोगद्याला लिंचचं. मी कितीतरी महिने त्या पुलावरून कामाला जात होतो. मला वाटायचं, रिंग म्हणजे रिंगरोडवाला रिंग असेल. हे आजोबांना सांगितलं त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा घरात बसवून चहा दिला. बहुतेक दया आली असावी.

खेळाबद्दल थोडं सांगायला हवं. राखेच्या रंगाच्या सालीचं अॅश नावाचं झाड असतं, त्याच्या बुंध्याचं लाकूड मुळाकडे जिथे वळतं तिथून दांडू काढतात, म्हणजे लाकडाचे रेषे टोकाच्या चपट्या भागासोबत वळत जातात आणि तो सहजी फुटत नाही. त्याला इंग्रजीत हर्ली आणि आयरिशमध्ये कमान म्हणतात. हो, कमान. 'कॅम' म्हणजे वाकडा, त्यावरून. आपल्या कमानीशी त्याचं नातं काही नसावं, पण मी लेकीला पहिली हर्ली आणून दिली तेव्हा घरात तिचं नाव कमानच पडलं. हल्ली अॅशच्या झाडांना बुरशीचा रोग लागलाय, म्हणून बांबूच्या कमानीही निघाल्यात. आजोबा बांबूकडे बघतात ते आपली आई फूड प्रोसेसरमधल्या चटणीकडे बघते तसं. चेंडू म्हणजे स्लिटर, क्रिकेटच्या चेंडूहून हलका, आत बुचाचा गाभा आणि वर उठावदार शिवण. बूच म्हणजे कॉर्क. माझे वडील या शहराला 'बुचाचं गाव' म्हणतात ते यामुळे नव्हे, ते नुसतं भाषांतर करतात. खरं तर नावाचा मूळ अर्थ दलदल असा आहे, पण ते मी त्यांना सांगितलेलं नाही. पोरगा बुचाच्या गावात राहतो हे सांगायला बरं वाटतं.

एका बाजूला पंधरा जण, सत्तर मिनिटं. चेंडू हवेत असतानाच कमानीने मारायचा, हाताने झेलायचा, कमानीच्या टोकावर तोलत पळायचं. हेल्मेटची सक्ती झाली तीही २०१० मध्ये. पहिल्यांदा बघणाऱ्या माझ्या बायकोची प्रतिक्रिया होती, 'हे विटीदांडूवाले एकमेकांवर चिडले आहेत का?'

पण मला खेळापेक्षा खेळणारे चक्रावून गेले. काउंटी म्हटलं की आपल्याला इंग्लंडचं काउंटी क्रिकेट आठवतं, करारावर आणलेले परदेशी खेळाडू आठवतात. इथे काउंटी म्हणजे जिल्हा आणि जिल्ह्याचा संघ म्हणजे त्या जिल्ह्यातली पोरं. साधारणपणे ज्या पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत, वाढलात त्या पॅरिशच्या क्लबाकडून खेळायचं, चांगले निघालात तर काउंटीची लाल जर्सी. लिलाव नाही, मानधन नाही. ऐंशी हजार माणसं तिकीट काढून बघतात आणि खेळणारा सोमवारी शाळेत शिकवायला नाहीतर कचेरीत बसायला जातो. कुणी शेजारच्या काउंटीत जाऊन जास्त पैसे घेतो म्हणायची सोयच नाही, कारण पैसेच नाहीत.

आजोबांना अख्खा संघ पाठ, कोण कुठल्या क्लबचा, कुणाचा बाप कुठल्या साली खेळला, कुणाच्या आईचं माहेर कुठलं. मी विचार करत होतो, मला कुठला संघ असा पाठ आहे? त्याच वर्षी मार्चमध्ये विदर्भाने रणजी करंडक जिंकला. नागपूरजवळ जामठ्याला, केरळविरुद्ध, पहिल्या डावातल्या आघाडीवर. आदल्या वर्षी अंतिम सामन्यात मुंबईकडून हरलेले, आणि या वर्षी जिंकलेले. माझ्या घरापासून अडीच-तीन तासांवर. मला ते दोन दिवसांनी व्हॉट्सअॅपवर कळलं. त्या अकरांपैकी चार नावंही मला सांगता आली नसती.

हर्लिंगच्या मोसमाचे दोन भाग. जानेवारीच्या अखेरीस, गार पावसात आणि फ्लडलाइटखाली लीग सुरू होते, ती एप्रिलच्या सुरुवातीला आटोपते. मग चॅम्पियनशिप, आधी प्रांताची आणि शेवटी ऑल-आयर्लंड. लीग म्हणजे साखरपुडा आणि चॅम्पियनशिप म्हणजे लग्न, असं मी बायकोला समजावलं. साखरपुडा थाटात झाला म्हणून कुणी सुखी होत नाही. पण कॉर्कने लीग १९९८ नंतर जिंकलीच नव्हती, आणि ऑल-आयर्लंड २००५ नंतर. मधल्या काळात २००६, २०१३, २०२१, २०२४ असे चार अंतिम सामने हरलेले. २०२४ चा तर जादा वेळेत, क्लेअर ३-२९, कॉर्क १-३४. तीनने गुणून बघा, एका पॉइंटने. शेवटच्या क्षणी कॉर्कच्या खेळाडूची जर्सी ओढली गेली, पंचाने शिट्टी वाजवली नाही, यावर ब्लॅकपूलच्या न्हाव्याकडे आजही वाद होतो. अशा घरात साखरपुड्यालाही लोक नवे कपडे घालतात.

६ एप्रिलला लीगचा अंतिम सामना आमच्याच शहरात होता. पार्क ई क्वीव हे मैदान मरीनावर आहे, फोर्डच्या जुन्या जागेजवळ. आजोबा, मी आणि लेक गेलो. कॉर्कचे प्रेक्षक लाल रंगाचा कुठलाही झेंडा आणतात. जपानचा दिसतो, कॅनडाचा दिसतो, चे गव्हेराचा चेहराही दिसतो. कुणाचं राजकारण काय याच्याशी देणंघेणं नाही, लाल असला म्हणजे झालं. मी गंमतीत विचारलं, आमच्याकडचा भगवा चालेल का? आजोबांनी गंभीरपणे मान हलवली. 'नाही. तो अँट्रिमचा.' मला वाटलं थट्टा करताहेत. घरी येऊन शोधलं तर खरंच : अँट्रिम काउंटीचा रंग भगवा आणि पांढरा, आणि त्यांचं टोपणनावच सॅफ्रन्स. आठ हजार किलोमीटरवर येऊन भगवा आधीच कुणाच्या तरी नावे लागलेला निघावा!

समोर टिपरेरी होतं. आदल्या वर्षीच्या चॅम्पियनशिपमध्ये एकही सामना न जिंकलेलं. कॉर्क ३-२४, टिपरेरी ०-२३. लेकीने मैदानात शिरून कुणाची तरी सही घेतली, कुणाची ते वाचता येईना. आजोबा परतताना गप्प होते. जिंकल्यावर गप्प बसणारी माणसं मी विदर्भातच पाहिली होती, पिकाचा अंदाज चांगला निघाला की शेतकरी असा गप्प होतो.

पुढचा दीड महिना मला मन्स्टर, म्हणजे आमच्या दक्षिणेकडच्या प्रांताची चॅम्पियनशिप, म्हणजे काय ते कळलं. पाच काउंट्या, प्रत्येकीचा प्रत्येकीशी सामना, वरच्या तीन पुढे, खालच्या दोन मे महिन्यातच घरी. आयपीएलमध्ये चौदा सामने असतात, एखादा गेला तर पुढच्या बुधवारी भरून निघतो. इथे चारच. ईस्टरच्या रविवारी क्लेअरला जाऊन कॉर्कने मोठी आघाडी घालवली आणि सामना बरोबरीत सुटला. पुढच्या रविवारी पुन्हा टिपरेरी, पार्क ई क्वीवला. चेंडू खेळात यायच्याही आधी टिपरेरीच्या डॅरा मॅकार्थीला लाल कार्ड मिळालं. एकोणीस वर्षांचा पोरगा. प्रतिस्पर्ध्याला कमान मारली म्हणून, सामना सुरू होण्याआधीच बाहेर. कॉर्कने चौदा जणांना पंधरा पॉइंटांनी धुतलं, ४-२७ विरुद्ध ०-२४. मी हसलो. आजोबा म्हणाले, 'त्याची आई कुठेतरी स्टँडमध्ये बसलेली असेल.' हे वाक्य मला जुलैत आठवलं.

मग १८ मे, लिमरिक. मी रात्रपाळी करून झोपलो होतो, दुपारी उठून फोन बघितला तर ३-२६ विरुद्ध १-१६. सोळा पॉइंटांनी हरलेलो. शेजारचा दरवाजा दोन दिवस उघडला नाही. वॉटरफर्डला हरवून कॉर्क कसंबसं मन्स्टरच्या अंतिम फेरीत पोचलं, आणि वीस दिवसांनी, ७ जूनला, पुन्हा तेच लिमरिक, त्यांचंच मैदान. लिमरिक सलग सहा वर्षं मन्स्टरचं विजेतं, सातव्यासाठी उतरलेलं.

तो सामना मी आजोबांच्या घरी बघितला, आणि तो मला नीट सांगता येणार नाही. सत्तर मिनिटं झाली, बरोबरी. जादा वेळ झाला, बरोबरी. कॉर्क १-३०, लिमरिक २-२७, दोन्ही तेहतीस. मन्स्टरच्या इतक्या वर्षांच्या इतिहासात अंतिम सामना पेनल्टीवर कधी गेला नव्हता, तो गेला. आजोबा पेनल्टी सुरू होताच उठून मागच्या अंगणात गेले आणि गुलाबाला पाणी घालायला लागले. पाऊस पडत होता. मी खिडकीतून ओरडून एकेक निकाल सांगत होतो. आत, बाहेर, अडवला. ३-२. जिंकलो म्हणून सांगितलं तेव्हा त्यांनी पाण्याची झारी उलटी करून रिकामी केली आणि म्हणाले, 'गुलाबांना फार झालं आता.'

ऑल-आयर्लंडच्या उपांत्य सामन्याबद्दल मी फार लिहिणार नाही. लिमरिकला डब्लिनने हरवलं, चौदा जणांनी, आणि त्या डब्लिनला कॉर्कने ७-२६ विरुद्ध २-२१ असं वाळवून ठेवलं. सात गोल, त्यातले तीन अॅलन कॉनॉलीचे. शहरभर लाल-पांढऱ्या पताका लागल्या, बेकरीत लाल आयसिंगचे केक आले, माझ्या कारखान्यात सुरक्षेची पांढरी टोपी घालावी लागते तिच्याखालून लोकांच्या लाल पट्ट्या डोकावायला लागल्या. माझं स्वतःचं मत आहे की तो विजयच नडला. वीस पॉइंटांच्या विजयात माणूस काहीही शिकत नाही. हे मत मी जुलैनंतर बनवलंय, तेही कबूल करतो.

आणि पॅट्रिक हॉर्गन. त्याचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ग्लेन रोव्हर्सचा, म्हणजे आमच्या वस्तीचा. २००८ पासून काउंटीकडून खेळत होता, तेव्हा सदतीस वर्षांचा, चॅम्पियनशिपमध्ये सर्वाधिक पॉइंट मिळवणाऱ्यांच्या यादीत अगदी वर, आणि ऑल-आयर्लंडचं पदक एकही नाही. २०१३ मध्ये वेळ संपत आली असताना त्याने पॉइंट मारून कॉर्कला पुढे नेलं होतं. शेवटची काही सेकंदं. तेवढ्यात क्लेअरच्या एका बचावपटूने, ज्याने तोवर चॅम्पियनशिपमध्ये कधी पॉइंट मारला नव्हता, पुढे येऊन मारला. बरोबरी. पुन्हा घेतलेला सामना क्लेअरने जिंकला. आजोबा रिंगबद्दल बोलतात तेव्हा देव्हाऱ्यासमोर असल्यासारखे बोलतात, हॉर्गनबद्दल बोलतात तेव्हा लग्न न झालेल्या भाच्याबद्दल बोलल्यासारखे. तो माझ्याहून वर्षाने लहान आहे. माझ्याही गुडघ्यात जिना चढताना आवाज येतो, म्हणून त्याच्याबद्दल मला जरा जास्तच वाटत असेल.

२० जुलै, रविवार, डब्लिनचं क्रोक पार्क. कॉर्क आणि टिपरेरी दोघांनी मिळून तोवर कितीतरी कप जिंकलेत, पण दोन्ही एकाच प्रांतातल्या, त्यामुळे ऑल-आयर्लंडच्या अंतिम सामन्यात समोरासमोर कधीच आल्या नव्हत्या. पहिलीच वेळ. तिकीट कुणालाच मिळालं नाही, म्हणून आजोबांच्या बैठकीत आम्ही नऊ जण. बायकोने साबुदाण्याचे वडे केले होते. आजोबांनी तीन खाल्ले आणि हे कशाचे ते विचारलं नाही, यावरून त्यांच्या मनाची अवस्था कळावी.

मध्यंतराला कॉर्क १-१६, टिपरेरी ०-१३. मध्यंतराच्या तोंडावरच शेन बॅरेटने गोल मारला होता. सहा पॉइंटांची आघाडी. खोलीत कुणीतरी सोमवारी रजा टाकायची का यावर बोलायला लागलं.

उत्तरार्धात काय झालं ते आकड्यांतच सांगतो. पस्तीस मिनिटांत टिपरेरीने ३-१४ केले. कॉर्कने ०-२. दोन. शून्य गोल, दोन पॉइंट. ज्या संघाने दोन आठवड्यांपूर्वी सात गोल मारले होते, त्याला अर्ध्या तासाहून अधिक वेळात दोनदा दांडीवरून चेंडू घालवता आला. जॉन मॅकग्राने दोन गोल मारले. मधे एक पेनल्टी, तिच्यासोबत कॉर्कच्या ओवेन डाउनीला दुसरं पिवळं कार्ड, म्हणजे बाहेर. ती पेनल्टी मारायला कोण आला? एप्रिलमध्ये सामना सुरू व्हायच्या आधी बाहेर गेलेला तो मॅकार्थी. उपांत्य सामन्यातही त्याला बाहेर काढलं होतं. त्या दिवशी त्याने एकट्याने १-१३ केले. कॉर्कला पेनल्टी मिळाली तेव्हा टिपरेरीच्या गोलरक्षकाने ती अडवली, आणि वर स्वतःच लांबून एक पॉइंट मारला. गोलरक्षकाने! ३-२७ विरुद्ध १-१८. पंधरा पॉइंट. एप्रिलमध्ये आपण त्यांना हरवलं होतं तेवढेच, मोजून.

मी आयुष्यात बरेच पराभव टीव्हीवर बघितलेत. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादेत काय झालं ते कुणाला सांगायला नको. दहाच्या दहा सामने जिंकून अकरावा. पण त्या संध्याकाळी आमच्या घरात शिव्या होत्या, 'याला घ्यायलाच नको होतं' होतं, रिमोट आपटणं होतं. इथे नऊ माणसं बसली होती आणि कुणी कुणाचं नाव घेत नव्हतं. एक बाई तोंडाला रुमाल लावून स्वयंपाकघरात गेली. तिचा भाऊ त्यांच्यातल्या एकाला शाळेत शिकवायचा, हे मला नंतर कळलं. ज्याला शिवी द्यायची तो गुरुवारी समोर येणार असेल तर शिवी तोंडातच विरते. मला वाटतं, आपण आपल्या खेळाडूंना एवढ्या शिव्या देतो, कारण ते आपल्याला कधीच भेटणार नाहीत याची आपल्याला खात्री असते.

घरी आलो तोवर भारतात रात्रीचे दहा वाजत आले होते. रविवारचा ठरलेला फोन वाजला.

'काहून रे? आवाज काहून असा येऊन राहिला?'

'काही नाही बाबा. आपण हरलो.'

'आज? आज त मॅचच नाही. बुधवारी आहे, मँचेस्टरले.' मग जरा थांबून, समजुतीच्या सुरात : 'लॉर्ड्सचं अजून धरून बसला का? सोड आता. जडेजा एकटा काय करन?'

त्यांचा लॉर्ड्सचा घाव ताजा होता. सहाच दिवस झाले होते, बावीस धावा कमी पडल्या होत्या, सिराजच्या बॅटला लागलेला चेंडू घरंगळत जाऊन स्टंपावर आदळला होता. मी म्हटलं, 'क्रिकेट नाही बाबा. इथली मॅच. हर्लिंग. कॉर्क हरलं.'

'असं म्हण ना मंग,' बाबा म्हणाले. 'बुचवाले हरले.'

व्याकरणाच्या मास्तरासारखं त्यांनी माझं सर्वनाम दुरुस्त करून दिलं आणि मग पावसाचं सांगायला लागले. मी ऐकत होतो. 'आपण' माझ्या तोंडून निघाला होता तो विचार करून निघाला नव्हता. आणि गंमत म्हणजे ज्यांच्याशी बोलत होतो त्यांनाच मी त्या 'आपण'मध्ये धरलं होतं. म्हणजे हिशेबाने माझे वडील, अमरावतीच्या साईनगरात बसून, क्रोक पार्कवर पंधरा पॉइंटांनी हरले होते.

पुढच्या आठवड्यात पेट्रोल पंपावर रांगेत उभा होतो. पुढे एक उंच मुलगा, हातात दुधाचा डबा आणि ब्रेड. त्याला मी टीव्हीवर बघितलं होतं, नक्की. काउंटरवरच्या माणसाने पैसे घेतले, सुट्टे दिले आणि म्हणाला, 'वेल, बाय.' कॉर्कमध्ये प्रत्येक पुरुषाला, वय काहीही असो, 'बाय' म्हणतात, आपल्याकडे 'भाऊ' म्हणतात तसं. मुलगा म्हणाला, 'वेल.' बस. मी पुढे सरकलो. पेट्रोल भरून घरी आलो आणि हे कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. काय सांगणार?

नंतर प्रशिक्षक पॅट रायन पायउतार झाले. त्यांच्या जागी बेन ओकॉनर आले, २००४ साली कप उचललेला कप्तान. हॉर्गनने काउंटीची जर्सी उतरवली. पदकाविनाच. त्या दिवशी आजोबा नेहमीसारखे कुत्र्याला घेऊन फिरायला गेले आणि नेहमीपेक्षा तासभर उशिरा परतले. का उलटलं, याची कारणं न्हाव्याकडे रोज नवी निघायची. टिपरेरीने एक माणूस मागे ठेवला होता, लांब मारलेले चेंडू तोच उचलत होता. मध्यंतराला ड्रेसिंगरूममध्ये कुणी काहीतरी बोललं असेल. फार जिंकले होते. फार हरले होते. प्रत्येक कारण ऐकताना पटायचं आणि बाहेर पडलं की विसरायचं.

लेकीचा क्लब ऑगस्टभर चालू होता. मुलींच्या हर्लिंगला कॅमोगी म्हणतात. दर शनिवारी सकाळी तीस पोरी एका चेंडूमागे मेंढरांसारख्या धावतात आणि स्कोअर कुणीच ठेवत नाही. तिच्या कमानीला एक तडा गेलाय, पत्र्याची पट्टी मारून आणली. आजोबांनीच मारली, खिळे तोंडात धरून.

ऑक्टोबरच्या एका रविवारी त्यांनी मला बोलावलं. रस्ताभर लावलेली पताकांची माळ अजून त्यांच्या दारावरून विजेच्या खांबाला गेलेली होती, वाऱ्याने फाटलेली, लाल रंग गुलाबी झालेला. बाकीच्यांनी केव्हाच काढल्या होत्या. मी म्हटलं, मी चढतो. ते म्हणाले, शिडी माझी आहे. मग ते चढले आणि मी खाली शिडी धरून उभा राहिलो. गाठ घट्ट बसली होती. कात्री चालवायला ते तयार नव्हते, माळ पुन्हा लागेल म्हणाले.

गाठ सोडता सोडता, माझ्याकडे न बघता, ते बोलायला लागले. ब्याऐंशी साली वी किल्केनीकडून हरलो. त्र्याऐंशी साली वी पुन्हा किल्केनीकडून हरलो. माझा जन्म सत्त्याऐंशीचा. तरी मी त्या दोन्हींचं मनातल्या मनात 'आपण' असंच केलं.

मग गाठ सुटली, माळ माझ्या डोक्यावर येऊन पडली, आणि वरून आवाज आला, 'शिडी नीट धर, बाय.'